‘भिऊ नका’ सांगणाऱ्याचे जॅकेट

पेनिसिमानींवर जे संकट कोसळले ते कुणा वैऱ्याने आणलेले नव्हते. भर रविवारच्या उपासनेत, तीनशे माणसांच्या साक्षीने, त्यांनी ते स्वतःच्या वक्तृत्वाने ओढवून घेतले. कचेरीत, म्हणजे जमीन-नोंदणीच्या खात्यात, हेडक्लार्क म्हणून त्यांचा आवाज झिजलेल्या रबरी शिक्क्याइतकाच उमटे. पण मंडळीचे उपदेशक या नात्याने ते व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढले, की त्याच आवाजाला कुठूनसे पंख फुटत. त्या दिवशी विषय होता ‘भय आणि विश्वास’. पंख जरा जास्तच फुटले.

“ज्याच्या पदरी वचन आहे,” ते गरजले, “त्याला ना वाऱ्याचे भय, ना लाटेचे!”

“मालिए! मालिए!” सभेतून दाद उठली. एका म्हातारबाबांनी तर काठी आपटली.

लाटेचा उल्लेख करण्याचे वास्तविक काहीच कारण नव्हते. वाऱ्यावर वाक्य सुरेख संपत होते. पण लय ही फार घातकी गोष्ट आहे. ती माणसाकडून खरे-खोटे काहीही वदवून घेते. खरे एवढेच होते, की वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पेनिसिमानी समुद्राला भीत. ज्या देशात कुठल्याही दिशेला तासभर चालले की समुद्र लागतो, जिथे मुले चालण्याआधी पोहतात, तिथे एका प्रतिष्ठित माणसाने समुद्राला भ्यावे, ही गोष्ट बोलण्यासारखी नव्हती. ती फक्त त्यांच्या पत्नीला, लोसालीनेला, ठाऊक होती. उपदेशकांचे तिमाही वेळापत्रक गेली अठरा वर्षे पेनिसिमानींच्याच वळणदार अक्षरात लिहिले जाई, आणि त्या वेळापत्रकात त्यांचे नाव नेहमी सडकेवरच्या गावांपुढेच येई. मंडळी याला योगायोग समजत. परमेश्वराला खरे काय ते माहीत असणारच, पण त्याने आजवर तक्रार केलेली नव्हती.

उपदेश संपला. नवे पाळकसाहेब डोळे पुसत उभे राहिले.

“मोतुहिफो बेटावरच्या मंडळीला वर्षभर बाहेरचा उपदेशक मिळालेला नाही,” ते म्हणाले. “बोटीचा प्रवास चार तासांचा. कुणाला पित्त, कुणाला पाठदुखी. आज पेनिसिमानीबंधूंनी आपल्या सगळ्यांच्या सबबी काढून घेतल्या आहेत. पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मोतुहिफोला तेच जातील!”

पेनिसिमानी हसले. त्या हास्याचे वर्णन करणे कठीण आहे. दात दिसत होते, एवढे म्हणता येईल.

घरी आल्यावर लोसालीनेने त्यांच्यापुढे ताट ठेवले आणि शांतपणे विचारले, “लाट मधे कशी आली हो?”

“आली.”

“मग आता पाळकसाहेबांना खरं काय ते सांगून टाका.”

“सांगितलं असतं. पण तिथे आत्या आहे.”

त्यांच्या रीतीत बापाची बहीण म्हणजे घराण्यातली मानाने सर्वांत उंच व्यक्ती. पेनिसिमानींचे वडील पोलिसांत हवालदार होते, पण फुसी आत्या समोर आली की ते खुर्ची सोडून खाली बसत. ती लग्न करून मोतुहिफोला गेली, विधवा झाली, तिथेच राहिली. अठरा वर्षांत भाचा तिकडे गेला नव्हता आणि लग्नानंतर तीही कधी इकडे आली नव्हती. पहिली अनुपस्थिती पेनिसिमानींना समजत होती; दुसरीचा अर्थ त्यांनी मनाशी लावून ठेवला होता: आत्या रागावली आहे. आणि कालच बोटवाल्याबरोबर तिचा निरोप येऊन पडला होता. ‘पंच्याहत्तर संपली माझी. एकदा तुला व्यासपीठावर बघू दे, मग वर जायला मोकळी.’

तेव्हा जाणे आले.

बातमी कुंपणापलीकडे पोहोचायला वेळ लागला नाही. शेजारचे फिलिमोने हे जहाजावरून निवृत्त झालेले आचारी. संध्याकाळी ते कुंपणावर कोपर टेकवून हजर झाले.

“साहेब, मोतुहिफोची खाडी ओलांडणार म्हणे! मधला पट्टा जरा वाईट आहे बरं का. दोन प्रवाह एकमेकांना धडकतात तिथं. आमचा मोठा भांड्यांचा रॅक एकदा तिथंच आडवा झाला. माणसं नंतर झाली.”

“माझा विश्वास आहे,” पेनिसिमानी म्हणाले.

“विश्वास असावाच. पण पोटात काय असावं ते ऐका. रिकाम्या पोटी कच्चा मासा, त्यावर लिंबू. आणि नजर क्षितिजावर. क्षितिज हललं की मात्र डोळे मिटायचे.”

“क्षितिज हलतं?”

“तेच तर हलतं!” फिलिमोने आनंदाने म्हणाले.

पेनिसिमानींनी शास्त्राचा आश्रय घेतला. रोज पहाटे ते दिवा लावून धीर देणारा भाग शोधू लागले, आणि एक भयंकर गोष्ट त्यांच्या ध्यानात आली: शास्त्रात जो जो पाण्यापाशी गेला त्याचे काही ना काही बिनसले होते. योना गेला, त्याला माशाने गिळले. पौल गेला, त्याचे जहाज फुटले. पेत्र तर प्रभूच्या डोळ्यांदेखत बुडू लागला, आणि पेत्राची योग्यता जमीन-नोंदणीच्या हेडक्लार्कपेक्षा थोडी अधिक असावी. नोहा तेवढा वाचला. पण त्याच्यासाठी उरलेले सगळे जग बुडाले होते, आणि एवढा खर्च आपल्यासाठी व्हावा असे पेनिसिमानींना वाटेना. शेवटी त्यांना आसरा मिळाला तो अगदी अखेरच्या पानांत, जिथे नव्या आकाशाचे आणि नव्या पृथ्वीचे दर्शन घडते, आणि जाता जाता सांगितले जाते की तिथे समुद्र उरलेला नव्हता. त्या ओळीशी ते थांबले. कितीतरी वेळ थांबले. स्वर्गाविषयीची सर्वांत आश्वासक माहिती तीच, असे त्यांना मनापासून वाटले. त्यांनी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, मग आणखी एक.

पण ते पुढचे झाले. तिसऱ्या रविवारपर्यंत पृथ्वी जुनीच राहणार होती. म्हणून त्यांनी ऑकलंडच्या मेहुण्याला गुपचूप पत्र लिहिले, आणि मेहुण्याने पार्सलाने एक लाइफजॅकेट पाठवले. साधे नव्हे, नव्या तऱ्हेचे: चपट्या पट्ट्यांसारखे, कोटाखाली दिसणार नाही असे. भरपूर पाणी लागले की आतली गोळी विरघळते आणि जॅकेट आपोआप फुगते, असे मेहुण्याने कळवले होते. श्रद्धेत आणि सावधगिरीत विरोध नसतो, असे पेनिसिमानींनी स्वतःला बजावले.

विरोध निघाला तो बंदरावरच्या जकात कचेरीत, पार्सल सोडवताना.

“नौकानयनाचं सामान आहे हे,” खिडकीतला कारकून म्हणाला. “बोटीचं नाव लिहा.”

“माझी बोट नाही.”

“मग जॅकेट कशाला?”

पेनिसिमानी खिडकीच्या अलीकडे उभे राहून पलीकडे बघत होते. हा अनुभव त्यांना नवा होता. रकाना रिकामा आहे म्हणून गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी किती अर्ज परत केले असतील! खिडकीबाहेर ते सगळे चेहरे रांगेने उभे आहेत, असे क्षणभर त्यांना वाटले.

“रविवारच्या शाळेचं नाटक आहे,” ते म्हणाले. “नोहाचं.”

कारकुनाने पेन खाली ठेवले. “नोहाच्या वेळी जॅकेटं होती?”

“नाटकात सूट असते.”

“मग बोटीच्या रकान्यात नोहाचं तारू लिहितो. आता मालकाची सही.”

“मालकाची?” पेनिसिमानींनी विचारले. तारवाच्या मालकाची सही कशी आणायची हा प्रश्न धर्मशास्त्राच्या मोठमोठ्या पंडितांनाही सुटला नसता. अखेर तीन फेऱ्या मारून ‘मालकाच्या वतीने’ त्यांनीच सही केली, आणि देवाच्या वतीने खोट्या अर्जावर सही करणारा मी पहिलाच उपदेशक असेन, अशा विचाराने दोन दिवस त्यांना जेवण गेले नाही.

शनिवार उजाडला. पेनिसिमानींनी अंगात जॅकेट चढवले, त्यावर सदरा, त्यावर काळा कोट, आणि कमरेला, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, समारंभात गुंडाळायची विणलेली चटई. ती नारळाच्या दोरीने बांधताना लोसालीनेने एक पाय भिंतीला टेकवला.

“श्वास घेता येतोय का?”

“लागेल तेवढा.”

“लवकर या,” ती म्हणाली, आणि दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. “नीट या.”

बोटवाल्याचे नाव मोसेसे, म्हणजे आपला मोशेच. पण समुद्र दुभंगण्याचे काम त्याने अजून अंगावर घेतलेले नव्हते. त्याने बोट सोडण्यापूर्वी टोपी काढून प्रार्थना केली. ती फार लांबली असे पेनिसिमानींना वाटले. इतके मागण्यासारखे पुढे काय आहे? ते बोटीच्या बरोबर मध्यभागी, रताळ्यांच्या पोत्यांमध्ये, डोळे मिटून बसले आणि ‘भिऊ नकोस’ एवढेच पुटपुटत राहिले.

आणि चार तास काहीही झाले नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा पसरला होता. धडकणारे दोन प्रवाह त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे. आकाश खाली उतरून पाण्यात स्वतःला न्याहाळत होते, आणि त्या निळ्या स्तब्धतेत इंजिनाचा आवाजही उगीच काही बोलल्यासारखा वाटत होता. किनाऱ्याला लागल्यावर पेनिसिमानींनी डोळे उघडले. त्यांना हायसे वाटले, पण आत कुठेतरी अपमानही झाला. इतक्या तयारीनंतर समुद्राने निदान एकदा तरी दखल घ्यायची!

वाळूवर आत्या उभी होती. वाळलेली, ताठ, पांढऱ्या केसांची. तिने भाच्याच्या गालाला गाल लावला, एक पाऊल मागे सरून त्याला आपादमस्तक पाहिले आणि कोटावरून हात फिरवला.

“पेन्या, केवढा भरलास रे! लोसालीने खायला घालते म्हणायची. मला वाटायचं, कारकुनाच्या घरात काय असणार.”

“कृपा आहे देवाची,” पेनिसिमानी म्हणाले. आत्या रागावलेली दिसत नव्हती. हे त्यांना समुद्राच्या शांतपणाहूनही गूढ वाटले.

मोतुहिफोचे प्रार्थनामंदिर गावात नाही. बेटाची दोन टोके, टोकाला एकेक गाव. मंदिर कुणाच्या हद्दीत बांधायचे यावरून पणजोबांच्या काळात इतके भांडण झाले, की शेवटी समोरच्या वाळूच्या चिमुकल्या बेटावर, दोघांनाही सारखेच गैरसोयीचे पडेल अशा ठिकाणी, ते बांधण्यात आले. रविवारी वल्हे पाण्याला लावायचे नाही हा कायदा. म्हणून मंडळी ओहोटीला पाण्यातून चालत जाते आणि भरतीच्या आत परत येते. तिथे उपदेश घड्याळावर चालत नाही, समुद्रावर चालतो.

हे सगळे पेनिसिमानींना रविवारी सकाळी सात वाजता, जॅकेट पेटीत ठेवल्यावर, आत्याने अगदी सहज सांगितले. त्यांनी पेटी पुन्हा उघडली.

पाणी गुडघ्यापर्यंत होते. मधल्या चरात मांडीपर्यंत. पांढऱ्या पोशाखांची रांग हातात चपला घेऊन गप्पा मारत चालली होती. पेनिसिमानी एका हाताने शास्त्र डोक्यावर धरून चालत होते. दुसरा दंड आत्याने धरला होता, आणि असा धरला होता की बोटे मांसात रुतत होती.

“भिऊ नकोस,” पेनिसिमानी दातांमधून म्हणाले.

“भिऊ नकोस,” आत्या म्हणाली.

म्हातारी या वयात आपल्याला धीर देते आहे, हे पाहून त्यांना गहिवरून आले. लाजही वाटली.

मंदिर खच्चून भरले होते. पेनिसिमानी व्यासपीठावर चढले. आत्या पहिल्या बाकावर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही होते, की त्यासाठी अठरा वर्षांत निदान एकदा तरी यायला हवे होते. त्यांनी तोच उपदेश सुरू केला. भय, विश्वास, वचन. पंख फुटू लागले. फक्त इथे एक अडचण होती: व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या, आणि दोन्ही खिडक्यांत समुद्र होता. “ज्याच्या पदरी वचन आहे,” ते म्हणाले, “त्याला ना वाऱ्याचे भय, ना…”

डाव्या खिडकीतले पाणी मघापेक्षा जवळ आले होते.

समोर पाण्याचा मोठा पेला भरून ठेवलेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पण नजर खिडकीवरच होती; दोन घोट तोंडात गेले आणि उरलेला पेला सदऱ्याच्या गळ्यातून सरळ आत.

एक बारीक फुसफुस ऐकू आली.

पेनिसिमानींना काय होणार ते कळले; पण कळणे आणि टळणे यांच्यामध्ये वेळच उरला नव्हता. कोटाचे पहिले बटण गायकवृंदात जाऊन पडले. दुसरे कुठे गेले ते आजवर सापडलेले नाही. मानेच्या दोन्ही बाजूंनी दोन भगवे लोड फोफावत वर आले, हनुवटी आकाशाकडे ढकलली गेली, चटईची दोरी करकरली, आणि अखेरीस पोटापाशी एक लाल शिट्टी बाहेर येऊन लोंबू लागली. सगळ्या समुद्राला जे जमले नव्हते, ते एका पेल्याने करून दाखवले.

मागून एक म्हातारबाबा सावकाश म्हणाले, “आमेन.”

पळून जायला जागा नव्हती. तिन्ही दिशांना समुद्र आणि चौथीला आत्या. आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या पेनिसिमानींना आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर लय सापडेना. म्हणून ते नुसतेच बोलले.

“मी समुद्राला भितो,” ते म्हणाले. “लहानपणापासून. वेळापत्रक मीच लिहितो, म्हणून अठरा वर्षं इथं आलो नाही. जॅकेट खोटं बोलून सोडवून आणलं. तुम्हाला ‘भिऊ नका’ सांगायला आलो, आणि ते मी काल बोटीत स्वतःलाच चार तास सांगत होतो. आत्या, मला माफ कर.”

कुणी हसले नाही. ते सर्वांत अवघड गेले. मग पहिल्या बाकावरून आवाज आला.

“पेन्या, खाली ये. बस.”

फुसी आत्या उभी राहिली. घराण्यातली सर्वांत उंच व्यक्ती बाकाला धरून उभी होती.

“तुम्हा सगळ्यांना मी सांगत आले, की माझे गुडघे दुखतात, म्हणून मी उपासनेला येत नाही, काठावरूनच गाणी ऐकते. गुडघे माझे ठणठणीत आहेत. लग्नाच्या दिवशी ज्या बोटीनं इथं आले, त्यानंतर मी घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता. आज घातला, कारण भाच्याचा दंड होता.” ती पेनिसिमानींकडे वळली. “मला वाटायचं, मी तुझ्याकडे आले नाही म्हणून तू रागावलास.”

आता मात्र एकजण हसला. तो मोसेसे होता. हसता हसता तो उभा राहिला आणि टोपी चुरगाळत म्हणाला, “खरं सांगू? मी घोड्याला भितो. म्हणून तर बोट चालवतो.” गायकवृंदाचा प्रमुख, सहा फूट उंच, म्हणाला की त्याला कोंबडीची शिसारी आणि भीती दोन्ही वाटतात, आणि बायको एवढ्यासाठी अंडी दुसरीकडून आणते. “आणि मला तुम्ही गाताना वरचा सूर लावाल याची भीती वाटते,” बायकोने बसल्या जागेवरून पुस्ती जोडली. एका गावचा मुखिया दुसऱ्या गावच्या मुखियाला भीत होता. दुसऱ्याने तेच सांगितले. दोघेही एकमेकांकडे पाहतच राहिले. उपदेश कसला, ती तर भीतीची सामुदायिक नोंदणी चालली होती, आणि यातला एकही रकाना रिकामा म्हणून परत करण्यासारखा नव्हता.

मोसेसेचे खिडकीकडे लक्ष गेले तेव्हा उशीर झाला होता. भरती आली होती. त्या चिमुकल्या बेटाभोवती पाणी छातीभर झाले होते, आणि दोन्ही गावांत जमिनीतल्या भट्ट्यांमध्ये पाहुण्यांसाठी लावलेली डुकरे, कंद आणि मासे तसेच वाफाळत राहिले होते. पुढची ओहोटी संध्याकाळी. वारा फिरला की त्या जेवणाचा वास पाण्यावरून येई. प्रमुखाने एक गीत काढले, आणि मग, दुसरे काही समोर नसल्यामुळे, त्या वासाबद्दल रीतसर आभार मानण्यात आले.

दुपारभर मंडळी वाळूवर नारळ फोडत बसली. पेनिसिमानी भगव्या लोडांमध्ये मान टेकून आत्याशेजारी बसले होते. चोहीकडे पाणी होते, आणि ते भीत होते. पण ती भीती आता एकट्याची नव्हती, आणि वाटून घेतल्यावर वाट्याला फार थोडी आली होती. त्यांनी शास्त्र उघडून आत्याला ती पेन्सिलीची रेघ दाखवली.

“हे बघ. शेवटी समुद्रच उरणार नाही.”

आत्याने डोळे बारीक करून वाचले.

“असू दे तिथं,” ती म्हणाली. “तिथं सगळे एका ठिकाणीच असणार. इथं मात्र हवा. हा मधे नसता तर तू आलास याचं मी एवढं काय मानलं असतं?”

पेनिसिमानींनी खिशातली पेन्सिल काढली, आणि त्या रेघेच्या शेजारी समासात आजची तारीख लिहिली.

सोमवारी सकाळी मोसेसेच्या बोटीपाशी आत्या गाठोडे घेऊन उभी होती. “लोसालीनेला बघून येते,” ती म्हणाली. “पण आज निघाले तर निघाले.” जॅकेट अजून फुगलेलेच होते, पेनिसिमानींनी ते आपल्या हातांनी तिच्या अंगात चढवले आणि वरून तिची काळी चटई बांधली. ती रताळ्यांच्या रिकाम्या पोत्यांवर एखाद्या राणीसारखी, मान आकाशाकडे करून बसली. मोसेसेने टोपी काढली. या खेपेला प्रार्थना आखूड वाटली.

मधल्या पट्ट्यात दोन्ही प्रवाह ठरल्याप्रमाणे हजर होते. बोट वर गेली, खाली आली, क्षितिज फिलिमोने म्हणाले होते तसेच हलले. दोघेही ‘भिऊ नकोस’ म्हणत होते. कोण कुणाला, ते आता सांगता येत नव्हते. एका मोठ्या लाटेनंतर आत्याने एक डोळा उघडला आणि तिला शेजारी नुसता ओला सदरा दिसला.

“अरे पेन्या, तू काहीच घातलं नाहीस की!”

“तुझा हात आहे ना.”

“तो आहे,” आत्या म्हणाली, “पण जरा सैल धर. बोटं मोडलीस माझी.”